फोडणीच्या भाताचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की तुमच्या पानावर दोन बातम्या हमखास येतात. एक, रस्त्यावरच्या गाड्यांवर कारवाई झाल्याची. दुसरी, उघड्यावरचं खाऊ नका या आवाहनाची. चौदा वर्षं मी दोन्ही वाचते आहे. गाडीवर किंवा खानावळीत जेवून दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ न शकलेला माणूस मात्र त्या बातम्यांत कधी दिसला नाही. त्याचा खाडा त्याला कितीला पडला, हे कोणी विचारत नाही. मला ते विचारावं लागलं, कारण माझ्याच हातचं खाऊन नऊ पोरं अंथरुणाला खिळली होती. पत्र छापलंत तर माझं नाव घालू नका. का ते पुढे कळेलच.

नाशिकमध्ये सातपूरला श्रमिकनगरात माझी घरगुती खानावळ आहे. खानावळ म्हणजे काय, तर पुढच्या खोलीत दोन बाकडी, मागे पत्र्याखाली स्वयंपाक आणि डबे पोचवायला यजमानांची मोपेड. ३४ डबे आहेत. दोन वेळचे महिन्याला २,८०० रुपये. चार पोळ्या, एक सुकी भाजी, वरण-भात, बुधवारी अंडाकरी, रविवारी रात्री सुट्टी. जेवणारे सगळे सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतले. कोणी प्रेस शॉपला (पत्रा दाबून कापायच्या खात्यात), कोणी सीएनसी मशीनवर, कोणी पॅकिंगला, आणि बहुतेक सगळे ठेकेदाराकडे. एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात, तिथे चूल कुठे मांडणार? माझ्या वहीत त्यांची नावं नसतात, गावं असतात, कारण कुठल्याही वेळी तीन आकाश आणि चार गणेश जेवायला असतातच. म्हणून सुरगाणा, हिंगोली, पारोळा, सटाणा मोठा, सटाणा धाकटा. हाकही तशीच मारते. "हिंगोली, तुझा डबा राहिला!"

गोष्ट मागच्या मे महिन्यातली. त्या दिवशी दाट लग्नतिथी होती आणि सात जण न सांगता गावी निघून गेले. अकराला शिजवलेला भात पातेलंभर उरला. दुपारभर तो ओट्यावरच झाकून होता. मे महिन्यात पत्र्याखाली काय उकडतं ते सातपूरवाल्यांना सांगायला नको. रात्री आठला मी त्याला फोडणी दिली. कांदा, मिरची, शेंगदाणे, हळद, वरून कोथिंबीर. आपल्यात कोणाच्या घरी फोडणीचा भात होत नाही? माझ्या माहेरी, निफाडकडे, रात्रीचा भात सकाळी फोडणीला पडल्याशिवाय कोणी शेताकडे निघत नसे. भाताला वास नव्हता, तार सुटली नव्हती. मी घासभर चाखला, चव छान होती. साडेदहाला थर्ड शिफ्टचे अकरा डबे मोपेडवर गेले.

पोरांनी डबे उघडले पहाटे अडीच-तीनला. सहा वाजून दहा मिनिटांनी मला फोन आला. "मावशी, रात्री भातात काय होतं?"

अकरापैकी नऊ जणांना उलट्या सुरू झाल्या होत्या. दहाव्यानं भात गेटवरच्या कुत्र्याला घातला होता (कुत्र्याचं काय झालं कोणी पाहिलं नाही). अकराव्याला काहीच झालं नाही, अशी पोटं देवानं मोजकीच घडवलेली असतात. दोघांना सुपरवायझरनं रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं. बाकीचे खोलीवर जाऊन आडवे झाले.

माझी भाची नर्सिंग शिकते. तिला फोन लावला तेव्हा तिनं कोण आजारी आहे हेही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "मावशी, भात कधीचा होता?" मग तिनं मला जे सांगितलं ते मी चौदा वर्षं स्वयंपाक करून ऐकलं नव्हतं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू असतात, बियांसारखे निपचित पडून. भात उकळला तरी ते बी मरत नाही. भात कोमट राहिला की ते जागं होतं, वाढतं आणि भातातच विष सोडतं. नंतर तुम्ही कितीही खरपूस फोडणी द्या, जंतू मरतील, पण त्यांनी आधीच करून ठेवलेलं विष शाबूत राहतं. खाल्ल्यावर एक ते पाच-सहा तासांत उलट्या. तीनला डबा, पाच-सहाला उलटी. भाताची तपासणी कोणी केली नाही, पण घड्याळानंच माझ्याविरुद्ध साक्ष दिली. विटलेला भात वासानं कळतो या भरवशावर मी होते. हा भात विटलेला नव्हताच.

मी वाचवलं काय होतं? दोन किलो तांदूळ आणि थोडा गॅस. सव्वाशे रुपये.

चौथ्या दिवशी मी वही घेऊन पोरांच्या खोल्यांवर गेले. ती सांगायलाच तयार नव्हती. "जाऊ द्या मावशी, होतं असं." पण उधारीच्या वहीला जाऊ द्या चालत नाही, म्हणून एकेकाला बसवून लिहून घेतलं.

पाच जणांचा एकेक दिवस बुडाला, तिघांचे दोन-दोन, हिंगोलीचे तीन. एकूण १४ खाडे. रोज ५६० रुपये, म्हणजे ७,८४० रुपये तिथेच गेले. मग हजेरी बक्षीस. हे मला तेव्हाच कळलं. महिन्यात एकही खाडा नसेल तर ठेकेदार १,००० रुपये जास्त देतो. एक दिवस चुकला की सगळे हजार गेले, मग कारण लग्न असो की सलाईन. नऊपैकी सहा जणांचा महिना तोवर कोरा होता. त्यांचे ६,००० गेले. दवाखाना म्हणाल तर हिंगोलीचे १,९००, सुरगाण्याचे १,१४०, तिघांचे ३५० प्रत्येकी, आणि चौघांनी मेडिकलमधून पावडर-गोळ्या आणून भागवलं त्याचे ८० प्रत्येकी. ४,४१० झाले. रिक्षाचे २६०.

बेरीज १८,५१०.

एकट्या सुरगाण्याचा आकडा बघा. दोन खाडे १,१२०, बक्षीस १,०००, दवाखाना १,१४०, रिक्षा १२०. एकूण ३,३८०. माझ्या महिन्याच्या डब्याचं बिल २,८०० आहे. म्हणजे महिनाभराच्या जेवणांना त्यानं जेवढे पैसे मोजले, त्याहून जास्त एका जेवणानं त्याच्याकडून काढून घेतले. हा मुलगा घरी नागली पिकवणाऱ्या बापाला दर महिन्याला ४,००० पाठवतो. त्या महिन्यात त्यानं ८०० पाठवले आणि घरी सांगितलं की पगार उशिरा झाला.

मी नऊ जणांचं त्या महिन्याचं बिल अर्धं केलं. १२,६०० सोडले. मोठेपणा म्हणून सांगत नाही. सोडले नसते तर निम्मे डबे दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीत गेले असते. तरीही ५,९१० रुपये पोरांच्याच खिशातून गेले, ते गेलेच.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. या पोरांच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, ११० रुपये कापले जातात, पाऊण टक्का. मालक सव्वातीन टक्के भरतो. मी सुरगाण्याला म्हटलं, अरे मग दवाखाना फुकट, आणि आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. माझ्या यजमानांना एकदा पाठीच्या दुखण्यात मिळाले होते, म्हणून मला माहीत. सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी लागते, ती त्याची होती. तो माहिती काढून आला आणि हसत सुटला. आजारपणाचे पहिले दोन दिवस धरतच नाहीत, पैसे तिसऱ्या दिवसापासून. आधीच्या दुखण्याला पंधरा दिवस झाले नसतील तरच ती दोन दिवसांची अट लागत नाही. "मावशी, परत एकदा तोच भात घाला. या वेळी पहिल्या दिवसापासून पैसे मिळतील."

मी हसले नाही. विचार करत बसले. खाण्यातून झालेलं दुखणं बहुतेक वेळा किती दिवसांचं असतं? एक दिवसाचं, फार तर दोन. म्हणजे अख्ख्या सातपूर-अंबडमध्ये कामगाराला सगळ्यात जास्त वेळा होणारं दुखणं नेमकं त्या दोन दिवसांच्या फटीत पडतं. नियम करणाऱ्यांचा विचार मला कळतो. एका दिवसाच्या डोकेदुखीला पैसे द्यायला लागलं तर तिजोरी पुरणार नाही, आणि खोटी दुखणीही येतील. पण ज्याचा रोज ५६० आहे त्याला पहिलेच दोन दिवस सगळ्यात जड जातात. हिंगोलीचा तिसरा दिवसही बुडाला होता, त्याला एका दिवसाचे साधारण ३९२ रुपये मिळू शकले असते. पण त्याच्याकडे कागद खासगी डॉक्टरचा. पहाटे ओकत असलेला माणूस जवळ जो दवाखाना उघडा असेल तिथेच जाणार ना?

आणि हजेरी बक्षिसाबद्दल तर माझी तक्रारच आहे. सटाणा धाकटा दुसऱ्या रात्री उलट्या थांबल्या नसताना प्रेसवर उभा राहिला, हजार रुपये वाचतील या आशेनं (शेवटी खाडा पडलाच). रात्री काम करून सकाळी माझ्याकडे आला तेव्हा तोंड पांढरंफटक. पॉवर प्रेसवर भोवळ आली तर काय जातं हे या वसाहतीत कोणाला सांगायची गरज नाही. पाच बोटांचा हात हलवून राम राम करणारे जुने प्रेस ऑपरेटर इथे शोधावे लागतात. नियमित येणाऱ्याला बक्षीस जरूर द्या. पण डॉक्टरचा कागद असलेला एक दिवस त्यातून वगळला तर कोणत्या ठेकेदाराचं दिवाळं निघणार आहे?

भाचीनं मला मोबाईलवर जगाचे आकडे दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये अंदाज काढला होता की दूषित अन्नानं जगात दर वर्षी ६० कोटी माणसं आजारी पडतात, दहातला एक, आणि ४ लाख २० हजार मरतात. मरणाऱ्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. मग जागतिक बँकेनं २०१८ मध्ये पैशांचा हिशेब मांडला. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचं यापायी वर्षाला ११० अब्ज डॉलरचं नुकसान होतं. त्यात औषधपाण्याचा खर्च १५ अब्ज. बाकीचे ९५ अब्ज हे बुडालेल्या कामाचे. अब्ज म्हणजे किती ते मला डोळ्यांसमोर येत नाही, पण वाटणी ओळखीची वाटली. माझ्या वहीत दवाखाना ४,४१० आणि बुडालेली कमाई १३,८४०, तिप्पट. त्यांच्या वहीत सहापट. आपण मात्र दुखण्याचा खर्च म्हटलं की डॉक्टरचं बिल दाखवतो. खाड्याची पावती कोणी देत नाही.

इथवर मी दुसऱ्यांना बोलले. आता माझं सांगते, नाव छापू नका म्हटलं ते यासाठीही.

माझ्याकडे पोळ्या लाटायला एक बाई येते, रोज ४०० रुपयांवर. त्या घटनेनंतर पंधरा-वीस दिवसांनी, जूनमध्ये, मला ती सकाळपासून तीन वेळा संडासला जाताना दिसली. विचारलं तर आधी नाही म्हणाली, मग म्हणाली दोन दिवसांपासून जुलाब आहेत. मी ओरडले. अगं, हात कणकेत आहेत तुझे, चौतीस जणांच्या पोटात जातंय ते! ती लाटणं न थांबवता म्हणाली, "ताई, घरी बसले तर चारशे तुम्ही देणार आहात का?"

संपादकसाहेब, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ठेकेदाराला मी जे बोलत होते तेच मी माझ्या ओट्यावर करत होते. आठ वर्षांत तिला आजारपणाची एक भरपगारी सुट्टी मी दिली नव्हती. ती जुलाब अंगावर काढून कामाला येते, तिच्या हातच्या पोळ्या कामगार खातो, तो आजारी पडतो, त्याचा खाडा होतो, आणि खाडा परवडत नाही म्हणून तोही अंगावर काढतो. कोण कोणाला आजारी पाडतंय? सगळ्या शहराला हात धुवायला सांगणारे फलक लागतात. पण पोटातून जंतू जात असताना घरी बसायला जिला परवानगीच नाही, तिचे हात किती धुणार?

आता तिला महिन्यात दोन दिवस आजारपणाचे पैसे देते. वर्षभरात तिनं ते पाच वेळा घेतले. २,००० रुपये लागले मला. एकदा खोटं बोलून भावाच्या साखरपुड्याला गेली हेही मला ठाऊक आहे. जाऊ दे.

एक-दोन दिवसांचं दुखणं निदान कळतं तरी. खाण्या-पाण्यातून येणारी कावीळ दोन ते सात आठवड्यांनी उगवते, टायफॉइड एक ते तीन आठवड्यांनी. तेव्हा कोणत्या गाडीवरचं, कोणत्या माठातलं, काय सांगणार? पारोळ्याचा मुलगा त्या पावसाळ्यात कावीळ होऊन दीड महिना घरी होता. तो ज्या शेडमध्ये होता तिथे दहा माणसंही नाहीत, म्हणून ईएसआय लागूच नाही. गावात शेकडा पाच रुपये महिना व्याजानं पैसे उचलले. परत आला तेव्हा त्याच्या मशीनवर दुसरा मुलगा उभा होता. याला दुखण्याचा खर्च म्हणायचं की काय म्हणायचं, माझ्या वहीत त्याला रकानाच नाही.

नऊपैकी पाच पोरांना चार डॉक्टरांनी तपासलं. पाचही कागदांवर तेच, उलटी-जुलाब, पोटाचा संसर्ग. पाचही कागद पाच खिशांत गेले. एकाच खानावळीचे नऊ जण एकाच पहाटे आजारी पडले, ही गोष्ट या शहरात कुठेही नोंदली गेली नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये कलम ३५ आहे. अन्न विषबाधेचे रुग्ण दिसले की डॉक्टरांनी अधिकाऱ्याला कळवावं असा आदेश त्याखाली काढता येतो. कलम ६५ मध्ये भरपाई आहे, मृत्यू झाला तर किमान पाच लाख, गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत, बाकी इजेला एक लाखापर्यंत. म्हणजे कायद्यानं माझी ती पातेलंभर भाताची चूक मला लाखाला पडू शकली असती. पडली नाही, कारण मोजणारं कोणी नव्हतं. मी सुटले. मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी सुटले त्याची किंमत सुरगाण्यानं भरली.

त्या घटनेनंतर मी अन्न परवान्याची नोंदणी केली. चौदा वर्षं उशिरा. मी घेतली तेव्हा बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाचे १०० रुपये होते. माझी उलाढाल ११ लाख ४२ हजार भरते, थोडक्यात बसले. शंभर रुपयांच्या कामाला सायबर कॅफेवाल्यानं सातशे घेतले. चौदा आकडी नंबर आला, मी तो फ्रेम करून लावला. पण भात किती वेळ बाहेर ठेवायचा हे सांगायला आजवर कोणी आलेलं नाही. कोणी दंडाची पावती घेऊन येण्याआधी एकदा थर्मामीटर घेऊन यावं, एवढीच माझी मागणी आहे. मी स्वतःच ३५० रुपयांचा सुईचा थर्मामीटर मागवला. नियम सोपा आहे, गरम ते ६० अंशांच्या वर, थंड ते ५ च्या खाली, आणि शिजवलेलं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही. डबा भरताना माझा भात ८० च्या वर असतो. सटाणा मोठ्याला मी थर्मामीटर देऊन पाठवलं. पहाटे अडीचला त्यानं फोटो पाठवला, ३८ अंश. अंगात जेवढी ऊब असते तेवढीच. जंतूला दुसरं काय हवं?

कारखान्याचं कॅन्टीन असतं तर डबा लागलाच नसता, असं कोणी म्हणेल. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० हून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीनची सक्ती होती. नव्या कामगार संहितेत तो आकडा १०० वर आणला, चांगलं झालं. पण माझ्या ३४ डब्यांपैकी बावीस डबे ज्या शेडमध्ये जातात तिथे वीस-तीस-चाळीस माणसं असतात. शंभरवाल्यांचं नशीब त्यांच्या वाट्याला येत नाही. त्यांच्या मालकांना मी कॅन्टीन मागत नाही. डबे ठेवायला उन्हापासून लांब एक फळी, गरम करायला एक हॉटकेस, आणि नळापाशी साबण. साबण संपला की दुसरा.

टपरीवाल्यांसाठीही दोन शब्द लिहिते, ते माझे धंद्यातले भाऊबंद आहेत. कंपनीच्या गेटसमोर सकाळी सहाला पोहे, वडा आणि मिसळ मिळते म्हणून पहिली पाळी उभी राहते. त्या गाडीवर दिवसभरात दोन ड्रम पाणी असतं. त्यातलंच पिण्याचं, त्यातलंच बशा विसळायचं. तिसऱ्या प्रहरी ती बादली बघवत नाही, हे खरं. पण त्याला नळ कुठे आहे? गटार कुठे आहे? फेरीवाल्यांचा कायदा २०१४ सालचा आहे, त्यात ठरवलेल्या जागांची तरतूद आहे. जागा आखताना पट्ट्यासोबत एक नळ आणि एक मोरी द्या. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा आम्ही घरी तुरटी फिरवतो, उकळतो. गाडीवर कोण उकळणार? गाडी उचलून नेली की बातमी होते. नळ बसवला तर होत नाही, म्हणून कदाचित बसत नसेल.

आणि हे सगळं आत्ताच का लिहिते, तर २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात बाहेरून मजूर येत आहेत. येणाऱ्या भाविकांच्या जेवणाची काळजी घेतली जाईल, २०१५ ला मी पाहिलं आहे. पण जो आत्ता खडी पसरतो, घाटाचं काम करतो, त्याचं जेवण कोण बघणार? माझ्यासारख्या बायकाच त्यांना डबे देणार आहेत, पत्र्याखाली शिजवून.

जाता जाता भाचीनं सांगितलेलं एक लिहिते, जागा असेल तर छापा. उलटी-जुलाबात सलाईन लावल्याशिवाय आपल्याकडे कोणाला बरं वाटत नाही. सुरगाण्याच्या बिलात सलाईनचेच ६०० होते. पिता येत असेल तर बहुतेकांना ओआरएसचं पाकीट पुरतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट घोट प्यायचं. रक्त पडलं, ग्लानी आली, लघवी थांबली किंवा पाणीच पोटात ठरत नसेल तर दवाखाना. दवाखान्यात गेलात तर डॉक्टरला आधी सांगा की काय खाल्लं, किती वाजता, आणि सोबत कोण कोण जेवलं.

थर्ड शिफ्टच्या डब्यात मी आता भात देत नाही. पोळी किंवा भाकरी, कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. माझी आजी शेतावर शिदोरी न्यायची त्यात भात कधी नसायचा. तिला बॅसिलस सेरियस माहीत नव्हता, पण शिदोरी कशाची बांधायची ते माहीत होतं. पोरं कुरकुरली, दोन डबे तुटले, एक परत आला. हिंगोली अजून माझ्याकडेच जेवतो. दर सुगीला गावाकडून किलोभर हळद आणून देतो, आणि आठवड्यातून एकदा तरी विचारतो, "मावशी, फोडणीचा भात कधी करणार?"

आपली,
एक डबेवाली
श्रमिकनगर, सातपूर, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे.)